केमो चालू असलेल्या पेशंटला ‘नसांची गोळी’ देण्याआधी: खान्देशातल्या मेडिकलवाल्यांना खुले पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या औषध दुकानदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

केमो घेणारा पेशंट त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरला दोन-तीन आठवड्यांतून एकदा भेटतो. मधल्या काळात तो, नाहीतर त्याच्या घरचं कोणीतरी, तुमच्या दुकानाची पायरी कितीदा तरी चढतं. कोणी परळला जाऊन आलेलं असतं, कोणी नाशिकला, कोणी संभाजीनगरला, नवापूरकडचे बरेच जण सुरतेला. घरी आल्यावर काही दुखलं-खुपलं की शेकडो किलोमीटर लांबच्या डॉक्टरपेक्षा बाजारपेठेतलं मेडिकल जवळचं वाटतं, आणि त्यात वावगं काहीच नाही. म्हणून हे पत्र डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. मी तुमच्यातलीच आहे. फार्मासिस्ट म्हणून आधी तालुक्याच्या गावी काउंटरवर उभी राहिले, आता जळगाव जिल्ह्यात केमोच्या डे-केअरमध्ये, म्हणजे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या विभागात, काम करते.

विषय हातापायांच्या मुंग्यांचा आहे. केमोने नसांना इजा होते, ती टाळायची किंवा थांबवायची म्हणून अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या मुक्त कणांना आवरणाऱ्या घटकांच्या, गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. अल्फा लिपोइक ॲसिड, ॲसिटिल एल-कार्निटिन, व्हिटॅमिन ई, ग्लुटाथायोन, को-एन्झाइम क्यू-टेन, बरोबर मेथिलकोबालामिन (म्हणजे बी-ट्वेल्व्ह) आणि बी-सिक्स. पेशंट म्हणतो, “ताई, पायले मुंग्या येतस, एखादी ताकदनी गोळी द्या ना,” आणि स्ट्रिप काउंटरवर येते. माझी विनंती अशी की केमो चालू असलेल्या माणसाला ही स्ट्रिप स्वतःहून देऊ नका. नुसतं “देऊ नका” म्हटलेलं तुम्हाला पटणार नाही, पटूही नये. म्हणून कारणं सविस्तर मांडते.

रावेरकडचे एक केळी उत्पादक काका मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध घेत होते. उपचार अर्ध्यावर आले असताना त्यांच्या मुलीने कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. जनआरोग्य योजनेचे कागद, रक्ताचे रिपोर्ट आणि त्यांच्या खालून तीन वेगवेगळ्या नावांच्या स्ट्रिप आणि एक प्लॅस्टिकचा डबा. स्ट्रिप उलट्या करून वाचल्या. मेथिलकोबालामिन तिन्हींत, बी-सिक्स तिन्हींत, अल्फा लिपोइक ॲसिड दोनांत. डब्यात व्हिटॅमिन ई, सी, सेलेनियम आणि ग्रीन टीचा अर्क. दुकानं वेगवेगळी, चिठ्ठी एकीचीही नाही. काकांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, ते मुलगीच लावून देत होती. घड कापताना विळा हातातून निसटायला लागला होता. डॉक्टरांना सांगितलंत का, असं विचारलं तर म्हणाले, “गोळी चालू हाये ना बेटा, होईन बरं.”

त्यांचं हे वाक्य मला त्या तिन्ही स्ट्रिपपेक्षा जास्त घातक वाटतं. का, ते पुढे येईलच.

आधी इजा कशी होते ते पाहू. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या संवेदनेच्या नसेची मूळ पेशी कमरेपाशी, मज्जारज्जूच्या शेजारच्या गाठीत असते. तिथून अंगठ्यापर्यंत जवळपास मीटरभर लांबीचा एकच धागा. या धाग्यात अतिसूक्ष्म नळ्यांचे रूळ असतात आणि पेशीत तयार झालेला सगळा माल त्यांवरूनच टोकापर्यंत पोचतो. भुसावळ यार्डात रूळ जाम झाले तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन ही औषधं याच नळ्यांवर काम करतात, कारण कॅन्सरची पेशी दुभंगायलाही त्याच नळ्या लागतात. सिस्प्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिनचं तसं नाही. त्यांतलं प्लॅटिनम मज्जारज्जूशेजारच्या त्या गाठींतच साठून राहतं. सगळ्यात लांब नसांना आधी झळ बसते, म्हणून मुंग्या मोज्यांसारख्या पावलांतून वर चढतात, मग हातमोज्यांसारख्या बोटांत येतात. प्लॅटिनमच्या औषधांचं आणखी एक आहे: शेवटचा डोस होऊन गेल्यावरही काही महिने त्रास वाढत राहू शकतो. “केमो तर संपली, मग आता का वाढतंय?” असं विचारत पेशंट तुमच्याकडे येतो तो यामुळे.

हा त्रास विरळा नाही. 2014 साली 31 अभ्यासांतल्या 4179 पेशंटची माहिती एकत्र करून पाहिली गेली. केमो संपल्यावर पहिल्या महिन्यात 68 टक्के लोकांना नसांचा त्रास होता, तीन महिन्यांनी 60 टक्क्यांना, सहा महिन्यांनंतरही जवळपास 30 टक्क्यांना. म्हणजे मागणी खरी आहे आणि पेशंटचा त्रासही खरा आहे.

अँटिऑक्सिडंटची कल्पनाही वेडगळ नव्हती. केमोच्या औषधांनी नसांच्या पेशींत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांवर ताण येतो, मुक्त कण वाढतात आणि इजा वाढते. उंदरांवर प्रयोग केले तेव्हा अनेक अँटिऑक्सिडंटनी नसा वाचवल्याचं दिसलं. व्हिटॅमिन ई ची माणसांवरची सुरुवातीची लहान चाचणीही आशादायक होती. औषध कंपनीचा एमआर (प्रतिनिधी) जो चकचकीत कागद आपल्यापुढे ठेवतो त्यातला आलेख बहुतेक वेळा याच टप्प्यावरचा असतो. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे आलेख त्या कागदावर येत नाहीत.

व्हिटॅमिन ई ची मोठी चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. 207 पेशंट, निम्म्यांना ई, निम्म्यांना खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी. फरक पडला नाही. अल्फा लिपोइक ॲसिड 2014 मध्ये तपासलं गेलं: प्लॅटिनमची केमो घेणारे 243 पेशंट, दिवसाला 600 मिलिग्रॅम तीनदा. त्यातल्या फक्त 70 जणांनी चाचणी पूर्ण केली, एवढ्या गोळ्या नेमाने घेणं बहुतेकांना जमलं नाही. आणि ज्यांनी पूर्ण केली त्यांनाही उपयोग झाला नाही. ग्लुटाथायोन पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिनबरोबर देऊन पाहिलं, तिथेही हाती काही लागलं नाही.

ॲसिटिल एल-कार्निटिनचं मात्र नीट लक्षात ठेवा. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅक्सेन, म्हणजे पॅक्लिटॅक्सेलच्या गटातली औषधं, घेणाऱ्या 409 बायकांवर अमेरिकेत चाचणी झाली, 2013 मध्ये निकाल आला. निम्म्यांना रोज 3 ग्रॅम कार्निटिन 24 आठवडे, निम्म्यांना खोटी गोळी. 12 आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. 24 आठवड्यांनी कार्निटिन घेणाऱ्यांच्या नसांचा त्रास खोट्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त. या बायकांना पुढे दोन वर्षं तपासत राहिले, तरी तो फरक टिकून होता. ज्या त्रासातून वाचवायला गोळी दिली तोच त्रास तिने वाढवला. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आस्कोने, 2020 च्या मार्गदर्शनात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत: केमोची नसांची इजा टाळण्यासाठी कोणत्याही औषधाची शिफारस करता येत नाही, आणि ॲसिटिल एल-कार्निटिन यासाठी देऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, फायदा नाही तर नाही, व्हिटॅमिनने नुकसान काय होणार? मला सगळ्यात जास्त काळजी इथेच वाटते. रेडिएशन आणि काही केमोची औषधं कॅन्सरच्या पेशी मारताना याच मुक्त कणांचा वापर करतात. अँटिऑक्सिडंट नसेच्या पेशीला जपेल आणि कॅन्सरच्या पेशीला जपणार नाही, याची हमी कोण देणार? 1992 मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरवर एक चाचणी झाली. सिस्प्लॅटिनच्या उपचाराबरोबर काही बायकांना बी-सिक्सचा मोठा डोस दिला. नसा वाचल्या, अगदी स्पष्ट वाचल्या. पण बी-सिक्स घेणाऱ्यांमध्ये उपचाराचा परिणाम कमी काळ टिकला. मुंग्या कमी झाल्या एवढंच पेशंटला कळतं. कॅन्सर लवकर परतला तर तो गोळीमुळे परतला, हे ना त्याला कधी कळणार, ना आपल्याला.

आपल्या भागात तंबाखू आणि गुटख्याने तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट किती आहेत ते तुम्ही रोज पाहता. त्यांच्यासाठी कॅनडातली चाचणी महत्त्वाची आहे. डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या 540 जणांना व्हिटॅमिन ई किंवा खोटी गोळी दिली. 2005 मध्ये आलेला निकाल असा की व्हिटॅमिन ई चालू असताना त्यांच्यात नव्याने दुसरा कॅन्सर होण्याचं प्रमाण जास्त होतं. स्तनाच्या कॅन्सरच्या 1134 बायकांचा 2020 चा अभ्यासही आहे: केमोच्या आधी आणि केमोदरम्यान अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतपतच होता, बी-ट्वेल्व्ह घेणाऱ्यांत मात्र तो ठळक होता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यातून कारण सिद्ध होत नाही, हे मी मान्य करते. त्याच गटात मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांना मुंग्यांचा त्रास थोडा कमी दिसला होता, तेही सांगायला हवं. पण अशा धूसर चित्रात काउंटरवरून हात पुढे करण्यापेक्षा मागे घेणं शहाणपणाचं.

मायलोमासाठी (हाडांच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर) बोर्टेझोमिब हे औषध घेणाऱ्यांची गोष्ट वेगळीच. ग्रीन टीच्या अर्कातले घटक या औषधाला थेट चिकटून त्याचं काम बंद पाडतात, हे 2009 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. बोर्टेझोमिबने मुंग्या फार येतात, म्हणजे हा पेशंट तुमच्याकडे येण्याची शक्यताही फार. त्याला ग्रीन टीच्या कॅप्सूल कधीही देऊ नका.

राहिलं बी-सिक्स. ते जास्त झालं तर स्वतःच नसा बिघडवतं, आणि तेही तशाच बधिर पावलांनी, तशाच मुंग्यांनी. 1983 मध्ये ज्या सात रुग्णांवरून ही गोष्ट जगापुढे आली ते दिवसाला काही ग्रॅम घेत होते, पण बराच काळ घेतल्यास त्याहून पुष्कळ कमी डोसानेही त्रास झाल्याचं नंतर दिसलं आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये मोठ्या माणसाची सुरक्षित मर्यादा दिवसाला 12 मिलिग्रॅमवर आणली. आपल्याकडच्या नसांच्या स्ट्रिपवर बी-सिक्सचा आकडा वाचा, मग दोन-तीन स्ट्रिप एकत्र चालू असलेल्या पेशंटची बेरीज करा. रावेरच्या काकांची मी केली होती.

बी-ट्वेल्व्हबद्दल गैरसमज नको. आपल्याकडे माळकरी, शाकाहारी घरं पुष्कळ आहेत, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही पुष्कळ आहेत. दोघांतही बी-ट्वेल्व्ह कमी असू शकतं आणि त्या कमतरतेनेही मुंग्या येतात. ती भरून काढलीच पाहिजे. पण रक्त तपासून, कमतरता दिसली तर, केमो देणाऱ्या डॉक्टरला माहीत असताना. मधुमेहाच्या नसांसाठी अल्फा लिपोइक ॲसिडला काही चाचण्यांचा आधार आहे, तोही मी नाकारत नाही. मात्र मधुमेहाने बिघडलेली नस आणि पॅक्लिटॅक्सेलने बिघडलेली नस यांचं कारण वेगळं, आणि दुसऱ्या पेशंटच्या अंगात मारायचा कॅन्सर बसलेला असतो. त्यामुळे एकाची चिठ्ठी दुसऱ्याला चालत नाही.

कोणी असंही विचारेल की केमोबरोबर संरक्षक औषधं हॉस्पिटलातही देतातच की. देतात. लहान मुलांना सिस्प्लॅटिनने बहिरेपण येऊ नये म्हणून सोडियम थायोसल्फेट देतात, 2022 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण ते सिस्प्लॅटिन संपल्यावर सहा तासांनी द्यायचं असतं, आणि कॅन्सर शरीरात पसरलेला नसेल तरच. वेळ, डोस, रोगाची पायरी, सगळं मोजून. जेवणानंतर एक गोळी, असं ते नसतं.

आता रावेरच्या काकांच्या “गोळी चालू हाये ना” या वाक्याकडे येते. केमोने बिघडणाऱ्या नसा वाचवायचा आज खात्रीचा मार्ग एकच आहे: त्रास वाढतोय हे डॉक्टरला वेळेत कळणं. मग तो डोस कमी करतो, पुढे ढकलतो, औषध बदलतो किंवा ते एक औषध बंद करतो. मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या कॅन्सरमध्ये तर 12,834 पेशंटच्या माहितीवरून 2018 मध्ये दिसलं की कमी धोक्याच्या गटात, विशेषतः कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीबरोबर ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर, सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांची केमो जवळजवळ तितकीच चालते आणि नसांची इजा खूप कमी होते. हा निर्णय डॉक्टर घेऊ शकतो, पण त्याला सांगितलं तर. पेशंट आधीच घाबरलेला असतो: मुंग्या सांगितल्या तर केमो थांबवतील, मग कॅन्सर वाढेल. अशात हातात गोळी पडली की न सांगायला त्याला निमित्त मिळतं. काही तरी चाललंय, असं मनाला वाटत राहतं, आणि तेवढ्यात केमोच्या एक-दोन सायकल (फेऱ्या) निघून जातात. गेलेली संवेदना पुष्कळदा पूर्ण परत येत नाही.

आपल्या हवेत याची किंमत मोठी आहे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा बधिर पावलाने अनवाणी अंगणात गेलेल्या माणसाला चटका कळत नाही, फोड दिसतो तेव्हा कळतं. चप्पल पायातून कुठे निसटली ते कळत नाही. थंडीत रात्रीच्या लाइटवर केळीला पाणी द्यायला जाणाऱ्याचे पाय तासन् तास गार चिखलात असतात. ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्याला तर गार पाण्याचा स्पर्शही विजेच्या झटक्यासारखा लागतो, आणि फ्रिजचं पाणी किंवा बर्फ घातलेला उसाचा रस प्यायल्यावर घसा आवळल्यासारखं होतं. श्वास अडकला म्हणून घरचे घाबरतात. हे आधी सांगणारं कोणी भेटलं तर निम्मी घबराट टळते, आणि ते तुम्ही सांगू शकता: डोसानंतरचे काही दिवस कोमट पाणी प्या, फ्रिजमध्ये हात घालू नका, बंद चप्पल किंवा बूट वापरा, रात्री झोपताना तळवे उजेडात पाहा, आंघोळीचं पाणी पायाने नाही तर दुसऱ्या कोणाच्या हाताने तपासून घ्या.

पॅक्लिटॅक्सेल चालू असताना हातापायांना बर्फाचे मोजे घालण्याचा प्रयोग काही ठिकाणी करतात. सुरुवातीचे निकाल बरे आहेत, पण पुरावा अजून पक्का नाही, आणि ऑक्झॅलिप्लॅटिनवाल्याने तर ते करूच नये. व्यायामाचंही तसंच, पुरावा पक्का नाही, पण झेपेल तेवढं चालण्यात तोटा नाही. त्रास वेदनेचा असेल, नुसत्या मुंग्यांचा नसेल, तर ड्युलोक्सेटिन या एकाच औषधाला आज नीट पुरावा आहे: 231 पेशंटच्या चाचणीत ते घेणाऱ्या 59 टक्क्यांना दुखण्यात उतार पडला, खोटी गोळी घेणाऱ्या 38 टक्क्यांना. पण तेही काउंटरवरून नको. स्तनाच्या कॅन्सरमध्ये टॅमॉक्सिफेन ही हार्मोनवर काम करणारी गोळी चालू असेल तर ड्युलोक्सेटिन त्याच्या कामात अडथळा आणू शकतं.

भरीत-भाकरी, मेथी, पपई, केळी, फोडणीतली हळद यांना मी अँटिऑक्सिडंट म्हणून नाव ठेवत नाही. जेवण चालू राहू द्या. माझं बोलणं कॅप्सूल, पावडर, गव्हांकुराच्या अर्काच्या आणि नोनीच्या बाटल्यांबद्दल आहे. यातल्या ज्या वस्तू पूरक आहार (हेल्थ सप्लिमेंट) म्हणून विकल्या जातात त्यांच्या डब्यावर “औषधी वापरासाठी नाही” असं (बहुतेक वेळा इंग्रजीत असतं) छापणं नियमानेच बंधनकारक आहे. पुढच्या वेळी डबा हातात आला की ते अक्षर शोधून पेशंटला वाचून दाखवा.

दुकान चालवणं सोपं नाही, हे मी आतून पाहिलेलं आहे. दहा स्ट्रिपवर दोन फुकट देणारी कंपनीची स्कीम, पलीकडचं दुकान, “तुम्ही नाही दिली तर तो देईल” ही भीती. पण फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, 2015 मध्ये पेशंटशी औषधाबद्दल बोलणं हे आपलं काम म्हणून लिहिलेलं आहे, आणि गावात आपल्याला लोक “डॉक्टरसाहेब” म्हणतात ते आपल्या शब्दावर विश्वास असतो म्हणूनच.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. मुंग्या, बधिरपणा, जळजळ असं काही घेऊन कोणी आलं की स्ट्रिप काढायच्या आधी विचारा: केमो चालू आहे का, किंवा वर्षभरात झाली आहे का? हो म्हणाला तर गोळीऐवजी एक कागद घ्या आणि त्यावर लिहून द्या: मुंग्या कधीपासून, कुठपर्यंत चढल्या, बटण लावता येतं का, रात्री तोल जातो का, घरात कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. तो कागद केमोच्या फाइलमध्ये ठेवायला सांगा आणि डे-केअरच्या नंबरवर त्याच्यासमोर फोन लावा. नंबर डिस्चार्ज कार्डावर असतो. तालुक्याच्या केमिस्ट संघटनांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. मराठीत आणि अहिराणीत एक पानाचं पत्रक करायचं ठरलं तर मजकूर लिहून द्यायला आणि कोणत्याही तालुक्याला येऊन समजावून सांगायला मी तयार आहे.

आपली,
जळगाव जिल्ह्यातली एक फार्मासिस्ट